आमचा भातचोर

योरो जालो चोर आहे, हे मी जन्मभर सांगत आलेय. भर बाजारात सांगितलं, मशिदीच्या दारात सांगितलं, त्याच्या लग्नात तर थेट त्याच्या सासूला सांगितलं, की बाई, भाताची हंडी लपवून ठेव. तोही काही कमी नव्हता. "ही ताको बाह आमच्या घरची मोलकरीण, पळून आलीय," असं माझ्या नवऱ्यालाच तोंडावर ऐकवायचा. नवरा म्हणायचा, "ने बाबा परत, माझी सुटका होईल."

आम्ही बाह, ते जालो. या दोन कुळांनी पिढ्यानपिढ्या एकमेकांची थट्टा करायची, ही आमच्याकडची रीत. बाह दिसला आणि जालोनं त्याला टोमणा मारला नाही, तर खुशाल समजावं की मनात काहीतरी आलंय. चिडायचं नाही, नाकारायचं नाही, सवाई उत्तर द्यायचं. माझे बाबा गेले तेव्हा मी दोन दिवस तोंडात पाणी घेतलं नव्हतं. योरो नदीपलीकडून आला आणि थेट बाबांच्या रिकाम्या खाटेवर जाऊन आडवा झाला. "हा म्हातारा बाह काही मेलेला नाही," म्हणाला. "पेरणी जवळ आली ना, कामाला टांग मारायला कबरीत लपलाय. काढा बाहेर!" मी रडता रडता इतकी हसले की पोट दुखायला लागलं. मग जेवले. असलं माणूस पैसे टाकून मिळत नाही.

मी धक्क्यावर दूध-दही विकते, सेनेगलच्या काठाला. योरोची नाव मॉरिटानियाच्या काठाला. मधे नदी. तर यंदा दोन्ही सरकारांना एकाएकी एकमेकांचा पुळका आला. आमच्या काठावर मैत्री बाजार बांधला, पत्र्याचं छप्पर, सिमेंटचे ओटे, आणि शेजारी दोन्ही देशांची मिळून एक चौकी. उद्घाटनाला दोन्हीकडचे मंत्री येणार. पलीकडच्या पाहुण्यांना आणायला योरोची नाव ठरली, का तर तिला नुकताच रंग दिला होता. मला इकडे दह्याचं मडकं घेऊन स्वागताला उभं केलं. गावच्या मुखियानं बजावलं होतं, "ताको, तोंड सांभाळ."

सांभाळलंही असतं. पण नाव काठाला लागली आणि हा उतरला, निळा कडक इस्त्रीचा झगा घालून, मंत्र्याच्याही पुढे, जणू करार याच्याच सहीनं व्हायचाय. आता एवढ्या लोकांत मी त्याला नुसता सलाम केला असता, तर चारचौघांत त्याचा अपमान झाला असता. मी मडकं खाली ठेवलं आणि ओरडले, "अहो, धरा, बांधा याला! अख्ख्या नदीकाठचा भात चोरून खाल्लाय मेल्यानं! नावेच्या तळाशी बघा, पोती सापडतील!"

आमची माणसं खो खो हसली. योरोनं छाती पुढे काढली. पण पाहुण्यांतला एक अधिकारी हसला नाही. दूर वाळवंटातल्या शहरातला माणूस, आमची भाषा त्याला येत नव्हती. कुणीतरी त्याच्या कानात शब्दन् शब्द सांगितला. त्यानं नावेच्या फळ्या उचलायला लावल्या.

आणि खाली तांदळाचं पोतं निघालं.

मी खोटं सांगत नाही, मला त्याचा पत्ताही नव्हता. त्या आठवड्यात माझ्या नातीचं बारसं होतं. तो मला न सांगता पोतं घेऊन येत होता. माझ्या दारात आपटून म्हणणार होता, "घे, खा, आणि आता तोंड बंद ठेव." हे त्याच्या बायकोनं मला मागाहून सांगितलं. पण पोत्याला ना पावती, ना जकात. आणि त्याच दिवशी दोन सरकारं सही करणार होती, की चोरटा माल दोघांनी मिळून थांबवायचा.

"ही बाई म्हणते तू चोर. खरं का?" त्या अधिकाऱ्यानं दुभाष्याकरवी विचारलं.

योरोला वाटलं, हाही खेळातच आहे. तो मोठ्यानं म्हणाला, "खरं साहेब! हिच्याच शेतातून चोरला. बाहंना शेत सांभाळायची अक्कल कुठाय?"

झालं. त्याला पलीकडे नेलं, नाव साखळीनं बांधून टाकली. मंत्र्यांनी फीत कापली, बँड वाजला, दोन्ही झेंडे वर गेले. माझं दही कुणी चाखलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी चौकीत. आमच्या बाजूचा अधिकारी आमच्यातलाच, चांगला पोरगा. तो ओशाळून हसला. "मावशी, मला नका सांगू, माझी बायको जालो आहे, रोज घरात शिव्या खातो. पण केस त्यांच्याकडे गेली. आधी असती तर इथल्या इथे मिटवली असती. आता सगळं दोघांनी मिळून करायचं ना."

"मग तुम्ही दोघांनी मिळून सोडा!"

"धरायचं कसं ते करारात आहे, मावशी. सोडायचं कसं ते अजून ठरायचंय."

मी परक्या नावेतून पलीकडे गेले. तो वाळवंटातला अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्यानं मला खुर्ची दिली, स्वतःच्या हातानं चहा ओतला, तिकडच्या रीतीप्रमाणे एकामागून एक तीन पेले. दुभाषा होता. मी सगळं सांगितलं, बाह, जालो, बाबांची खाट, सगळं. त्यानं मन लावून ऐकलं.

"म्हणजे तो चोर नाही?"

"नाही हो!"

"मग पोतं तळाशी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"नाही कळलं! मी आपलं तोंडाला येईल ते बोलले!"

"आणि बरोबर निघालं," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो, त्याला खरंच कोडं पडलं होतं. कपाळ फोडून घ्यावंसं वाटलं मला. जितकं समजवावं तितका योरो आणखी गाळात जात होता, आणि त्याला गाळात घालणारी मीच.

बारसं झालं. नातीचं नाव कुंबा ठेवलं. बकरा कापला, भात दुकानातला शिजवला. मला घास गिळवेना. सून म्हणाली, "योरोकाका असते तर म्हणाले असते, पोरगी बाहंसारखी कुरूप झालीय." मी तिच्यावर खेकसले आणि मागच्या अंगणात जाऊन रडले.

मग पलीकडून बोलावणं आलं. अधिकाऱ्यानं वाट काढली होती बिचाऱ्यानं. योरोला आणून समोर उभं केलं. निळा झगा चुरगळलेला, दाढी वाढलेली. अधिकारी म्हणाला, "तुम्ही दोघं नात्यातले असाल, तर दोन्ही काठांवर मिळून चोरटा माल नेणारी टोळी ठरते, आणि मला त्याला पुढे राजधानीला पाठवावं लागेल. नात्यातले नसाल, तर एका परक्या बाईनं उगाच बोंब मारली, एवढंच. पोतं जप्त करतो, याला आणि नावेला सोडतो. सांगा, हा तुमचा कोण?"

योरो माझ्याकडे बघत होता. नाकारायचं नाही, ही एकच तर अट होती आमच्यात. पण राजधानीला गेलेला माणूस कधी परत येतो, कुणाला ठाऊक? घरी त्याची बायको, म्हातारी आई.

"कोणी नाही," मी म्हणाले. "माझा हा कोणी लागत नाही."

"आणि ही तुझी?"

योरोनं खाली बघत झग्याची चुरगळलेली बाही सरळ केली. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हण रे मेल्या, म्हण, नाहीतर अडकशील. शेवटी तो म्हणाला, "मी ओळखत नाही यांना."

यांना. जन्मात त्यानं मला असं म्हटलं नव्हतं.

नाव सुटली. बाजारही चालायला लागलाय. पलीकडून खजूर येतो, साखर येते, इकडून भाजी जाते. लोक म्हणतात, चांगलं झालं, आणि झालंच आहे, मी कशाला नाही म्हणू? योरो दिवसातून चारदा धक्क्याला लागतो. चौकी अगदी समोर.

पहिल्या दिवशी मी वाट बघितली. तो खाली मान घालून दोर बांधत राहिला. मग मीच ओरडले, "काय रे भातचोरा! तुरुंगातला भात संपवून आलास का?"

त्यानं एकदा चौकीकडे बघितलं. मग हात छातीशी नेऊन मान लववली. "सलाम, बाई. घरची सगळी बरी आहेत ना?"

"मला मोलकरीण म्हण रे," मी म्हणाले. हळूच म्हणाले, पहारेकऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "एकदा म्हण."

"अल्ला तुम्हाला सुखात ठेवो," तो म्हणाला आणि दोर सोडायला वाकला.

आता माझं वय झालंय. उद्या मी गेले की तो येईल, माणूस चांगला आहे, नक्की येईल. दारात चपला काढेल, माझ्या मुलांसमोर हात छातीशी नेईल, दुवा मागेल आणि निघून जाईल. माझ्या रिकाम्या खाटेवर कोणी आडवं होणार नाही.