पहिली मूठ

सोमवारी सकाळी चहा घेता घेता लेकीने पुस्तिकेचं पान मोठ्याने वाचून दाखवलं आणि मिस्त्रींनी कप खाली ठेवला. पान चांगलंच लिहिलं होतं, तोच तर घोळ होता.

लेक जहाज कंपनीच्या कचेरीत प्रसिद्धीचं काम करायची. कंपनीला साठ वर्षं झाली म्हणून पुस्तिका निघत होती, आणि जहाजांचा सगळा इतिहास लिहायचं काम तिच्याकडे आलं होतं. मिस्त्री त्याच कंपनीतून मुख्य सुतार म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे माहितीला तोटा नव्हता, रोज रात्री जेवताना एकेक जहाज ताटात वाढल्यासारखं यायचं.

जहाजांना कंपनीने दिलेली नावं भारदस्त होती, पण कामगारांनी ती कधी तोंडी घेतली नाहीत. पहिलं जहाज म्हणजे आजी. ती आधी टपाल आणि पोती वाहायची. कंपनीच्या जुन्या मालकांनी तिला विकत घेतलं, धुऊन पुसून छत्तीस खोल्या काढल्या आणि जाहीर केलं, की माझ्या जहाजावर पाहुण्यांपेक्षा वाढपी जास्त असतील. लोक हसले. हसणाऱ्यांचीच नातवंडं पुढे दोन दोन वर्षं आधी खोली राखून ठेवायला लागली. मग आली थोरली, तिच्यात प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर. तिसरी सासूबाई. बंदर सोडताना तिची इंजिनं अशी काही कुरकुरायची, की पाहुण्यांच्या कपातला चहा थरथरायचा, पण बंद मात्र ती एकदाही पडली नाही. चौथी नवरी, सगळी पांढरीशुभ्र, प्रत्येक खोलीला समुद्राकडे उघडणारी गॅलरी. आजी केव्हाच भंगारात गेली. थोरली कुठल्याशा काठाला कायमची बांधून तिचं हॉटेल केलंय. सासूबाई दुसऱ्या कंपनीकडे गाड्या वाहते आणि म्हणे अजून कुरकुरते. आता नवरीही निवृत्त होत होती, आणि गोदीत पाचवी धाकटी तयार होत होती.

या सगळ्या जहाजांत एक गोष्ट सारखी होती. मोठ्या दिवाणखान्यातून वर जाणाऱ्या जिन्यावर, पहिल्या पायरीशी, कठड्याच्या दांड्याचा मीटरभर लांबीचा तुकडा आजीवरचा असायचा. नवं जहाज आलं, की जुन्या जहाजावरून तो काढून नव्यावर बसवायचा. पाहुण्याचा हात सगळ्यात आधी तिथेच पडतो म्हणून कामगार त्याला ‘पहिली मूठ’ म्हणत. ज्या सुताराने तो तुकडा बसवला त्याने खालच्या बाजूला पटाशीने आपली खूण कोरायची, ही रीत. वरून कुणाला दिसायची नाही, पण रीत म्हणजे रीत.

लेकीने वाचलं, “या लाकडाच्या पोटाशी चार सुतारांच्या चार खुणा आहेत. चौथी खूण माझ्या वडिलांची. येत्या शुक्रवारी ते स्वतः हा तुकडा नवरीवरून काढतील, आणि साठ वर्षांत पहिल्यांदाच त्या खुणा सगळ्यांना पाहायला मिळतील.” मग तिने कागद खाली ठेवला. “कसं वाटलं?”

“खुणा दाखवायच्या कशाला?” मिस्त्री म्हणाले.

“बाबा, छायाचित्रकार येणार आहेत. तुमचा सत्कार आहे. तुम्ही तुकडा उलटा करायचा आणि...”

“चहा गार झाला माझा,” म्हणत ते उठले. चहा गार झालेला नव्हता.

नवरीवरच्या तुकड्याखाली एकही खूण नव्हती, हे जगात एकट्या मिस्त्रींना ठाऊक होतं. निदान त्यांची तशी समजूत होती.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी, नवरी पहिल्या सफरीला निघायच्या आदल्या दिवशी, पहिली मूठ बसवायचं काम त्यांच्याकडे आलं. तेव्हा ते मुख्य सुतार नव्हते, व्हायचे होते. सासूबाईवरून काढलेल्या तुकड्याची टोकं स्क्रूंनी खाल्ली होती, ती कापून नेमका नव्वद सेंटिमीटरचा तुकडा करायचा होता. त्यांच्या टेपचं टोक झिजलेलं. अशा टेपने सुतार शून्यावरून मोजत नाहीत, दहावरून मोजतात आणि शेवटी दहा वाढवतात. हे त्यांनी हजार वेळा केलं असेल. त्या दिवशी त्यांनी दहाचा आकडा टोकाला लावला, नव्वदवर रेघ मारली आणि करवत चालवली. तुकडा भरला ऐंशी. बरोबर एका मुठीने आखूड.

दहा सेंटिमीटरचा जोड लावणं त्यांना अवघड नव्हतं. पण जुन्या मालकांचा हुकूम होता, की पहिल्या मुठीला सांधा चालणार नाही. ते स्वतः येऊन अंगठा फिरवून बघत. मग मिस्त्रींना आठवलं, की लग्न झाल्यावर बायकोसाठी माळ्यावर जायचा जिना त्यांनी हौसेने बांधला होता, आणि कठडा घडवताना गोदीतलाच रंधा वापरला होता. लाकूड सागवानी, गोलाई तीच, चकाकी तीच. जेवणाच्या सुट्टीत ते सायकल दामटत घरी आले. बायको दिवस भरत आलेली, शेजारणीकडे टेकायला गेली होती. त्यांनी स्वतःच्या जिन्यातून नव्वदचा तुकडा कापून काढला, त्या जागी आजीचा ऐंशीचा बसवला, आणि उरलेल्या मुठीएवढ्या जागेत हाताला लागलं ते फिकट लाकूड ठोकलं.

संध्याकाळी बायको म्हणाली, “कठडा बदललात का हो? हात अडखळतो.”

“वाळवी लागली होती,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जुन्या मालकांनी जहाजावर अंगठा फिरवला आणि मान डोलावली. महिन्याभरात मिस्त्री मुख्य सुतार झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त खालच्या बाजूला दुसऱ्यांच्या खुणा कोरायला त्यांचा हात धजावला नाही. खोटं लाकूड बसवलं होतं, खोटी सही करणं जमेना. आणि दुसऱ्यांच्या नसताना एकट्याची कोरायची तरी कशी? चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. अठ्ठावीस वर्षं त्या जिन्यावरून चढताना मिस्त्रींनी कठड्याला कधी हात लावला नाही.

मंगळवारचा दिवस त्यांनी भिंतीकडे बघत काढला. आजारी पडावं का, असाही विचार करून झाला. पण त्यांच्या जागी दुसऱ्याने तुकडा काढला असता, तरी खालची बाजू कोरीच निघाली असती. आणि सगळ्यांसमोर तोंड लेकीचं पडलं असतं. पान तिचं होतं, खाली नाव तिचं होतं. जन्मभर लपवलेल्या गोष्टीचा तडाखा नेमका पोरीला बसणार, हे त्यांना सहन होईना.

बुधवारी ती कामावरून आली, तसं त्यांनी तिला जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना ते उभे होते, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखे.

लेकीने हात कठड्याखाली घातला. तिला शोधावं लागलं नाही, बोटं आपोआप तिथे गेली.

“मासा,” ती म्हणाली. “चांदणी. वाकडा नांगर.” तिने हात मागे घेतला. “हे तुम्ही माझ्यासाठी कोरलं असं मला वाटायचं.”

“नाही बाळ. आजीच्या सुताराचा मासा, थोरलीच्या सुताराची चांदणी...”

“कळलं मला!” तिचा आवाज चढला. “किती वेळा त्या जिन्यापाशी उभं राहून मी पाहुण्यांना सांगितलंय, इथे हात ठेवा, हे साठ वर्षांचं लाकूड आहे, माझ्या वडिलांनी बसवलंय. छाती फुगवून सांगितलंय, बाबा. तुम्ही एकदाही मला थांबवलं नाहीत.”

“कसं थांबवणार होतो?”

“तोंडाने!”

लेक रात्री जेवली नाही. सकाळी मात्र चपला घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, “चला. मालकीणबाईंना तुम्ही सांगायचं. मी फक्त सोबत येते.”

मालकीणबाई जुन्या मालकांची मुलगी. सत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ. लहानपणी ती आजीच्या डेकवर धावलेली, आता सगळा कारभार तिच्या हाती होता. तिने मिस्त्रींचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. टेबलावर धाकटीचा नकाशा पसरलेला होता, त्यावर फिरणारी तिची पेन्सिल मात्र थांबली.

“म्हणजे अठ्ठावीस वर्षं मी पाहुण्यांना तुमच्या घरचा जिना दाखवत होते?”

“होय.”

“आणि खरा तुकडा?”

“घरी आहे. जपून आहे. एका मुठीने आखूड आहे.”

ती खुर्चीत मागे रेलली. आता ही हाकलून देणार, असं लेकीला वाटलं. मालकीणबाई रागावली होती, हे दिसत होतं. पण राग नेमका कुणावर काढावा, हे तिचं ठरत नव्हतं.

“माझे वडील फार कडक होते,” ती शेवटी म्हणाली. “सांधा म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. त्यांना सांधा चालला नाही म्हणून तुम्ही खोटं चालवलंत. चूक तुमची आहे, मिस्त्री. त्यांचीही आहे, पण ते आता नाहीत, तेव्हा तुमचीच.” पेन्सिल टेबलावर ठेवत ती म्हणाली, “उद्याचा सत्कार होणार नाही. पुस्तिकेतलं पान बदलायचं, जे घडलं तेच लिहायचं. आणि खरा तुकडा धाकटीवर बसवायचा.”

“पण तो आखूड आहे,” मिस्त्री पुटपुटले.

“मग जोड लावा. आणि सांधा लपवू नका. मला तो दिसला पाहिजे.”

उठताना मिस्त्रींनी हात जोडले. सत्कार गेल्याचं वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं. उलट कितीतरी वर्षांनी भूक लागल्यासारखं वाटत होतं.

शुक्रवारी ना हार ना छायाचित्रकार. मिस्त्रींनी नवरीवरचा तुकडा काढला आणि गोणपाटात गुंडाळून घरी आणला. मग घरच्या जिन्याचे स्क्रू सोडवले. लेक शेजारी उभी राहून ते वाटीत गोळा करत होती. दोन दिवसांत ती कामापुरतंच बोलली होती.

दोन्ही तुकडे जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. एक नव्वदचा, कोऱ्या पोटाचा, हजारो पाहुण्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. दुसरा ऐंशीचा, आजीचा, पण अठ्ठावीस वर्षं या घरात राहिलेला. मिस्त्रींनी कोऱ्या तुकड्यावर हात ठेवला.

“ही तुझ्या आईची मूठ,” ते म्हणाले. “तुझ्या वेळी दिवस गेलेले असताना ती हीच धरून खाली उतरायची. मी तिला न विचारता नेली. वाळवी लागली म्हणालो, आणि तिला ते खरं वाटलं. जाईपर्यंत तिला कळलं नाही.”

लेकीने वाटी खाली ठेवली.

“बाबा, मी मोजायला कुठे शिकले, माहितीये?”

“शाळेत.”

“या जिन्यावर. आई माझं बोट धरून कठड्याखाली फिरवायची. एक मासा, दोन चांदणी, तीन नांगर. मग पुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवायची आणि म्हणायची, चार इथे. चौथी खूण बाबांची आहे, ते करतील, त्यांना वेळ लागतोय. मी रोज विचारायची, कधी करतील? ती म्हणायची, त्यांना विचारायचं नाही हं, त्यांचं त्यांना कळेल.” तिने डोळे पुसले. “मला तो खेळ वाटायचा. काल रात्री लक्षात आलं.”

मिस्त्री पायरीवर बसले. बायकोला जाऊन सोळा वर्षं झाली होती. तिला सगळं ठाऊक होतं, आणि ती वाट बघत गेली. सत्तरीच्या माणसाने लेकीसमोर रडू नये असं त्यांना वाटत होतं, पण ते रडले, आणि चांगले हुंदके देऊन रडले. लेकीने त्यांना रडू दिलं. मग पाणी आणून दिलं, आणि पाण्यामागोमाग पटाशी पुढे केली.

तरुणपणी त्यांनी आपल्या खुणेसाठी पंख पसरलेला मोठा पक्षी योजला होता. आता त्यांनी नांगराच्या शेजारी दोन पायऱ्या कोरल्या, साध्या, काटकोनातल्या. एक पायरी जराशी कलली. ती त्यांनी तशीच राहू दिली.

राहिला जोड. धाकटीवर दहा सेंटिमीटर कमी पडणार होते. मिस्त्रींनी फळीच्या तुकड्यांचा ढीग उपसायला घेतला, तर लेक म्हणाली, “ते कशाला? आईच्या तुकड्यातून काढा. दहा तिकडे जातील, ऐंशी घरी राहतील. इथलं ते फिकट लाकूड आहेच पुरवायला.”

“तिची मूठ पुन्हा जहाजावर?”

“या खेपेला विचारून,” ती म्हणाली. “मी देतेय.”

तिने त्यांचा जुनाच टेप घेतला, झिजल्या टोकाचा. दहाचा आकडा लाकडाच्या काठाला लावला, पेन्सिल वीसवर टेकवली आणि रेघ मारायच्या आधी वडिलांकडे पाहिलं. मिस्त्रींनी खाली वाकून आकडा वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. मग रेघेशेजारी त्यांनी आपली मूठ आवळून ठेवली. ती बरोबर बसली.

“मार रेघ,” ते म्हणाले.