रंगाखालचं लोखंड

आश्विनातल्या उन्हाला जोमाकाकांच्या हातांचा वास येतो. तांबड्या ऑइलपेंटचा, टर्पेंटाइनचा, आणि त्या दोहोंखाली दबून राहिलेल्या कापलेल्या गवताचा. पावसाने चिंब ठेवलेलं मैदान या दिवसांत सावकाश वाफ सोडू लागतं, कर्नाळ्याचा सुळका नुकता धुऊन ठेवल्यासारखा निळा दिसतो, आणि मला वाटतं, आत्ता ते शेडच्या दारात पाठमोरे बसलेले असतील. एका हातात ब्रश, आणि दुसऱ्या हाताचं एक बोट रंग लागू नये म्हणून उगाच उंच धरलेलं, जणू ते बोट त्यांनी कुठल्या तरी निराळ्या कामासाठी राखून ठेवलं आहे.

ते सुकापूरचे. आमच्या वसाहतीच्या मैदानावर, बसून चालवायच्या लाल गाडीने गवत कापायचं काम त्यांचं. हे मैदान होण्याआधी इथे त्यांच्या भावकीची भातखाचरं होती असं लोक म्हणत. ते स्वतः त्याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त पूर्वेच्या कडेला एका जागी पोहोचले की गाडी हळू करत. समोर काही नसायचं. सपाट हिरवळ, बस. पण त्यांची पाठ किंचित ताठ व्हायची, जणू अजून तिथे बांध आहे आणि तो जपून ओलांडायचा आहे.

मी लांबचा, किनवटकडचा. आठवीत शाळा सुटली. सुटली की मी सोडली, हे आता माझं मलाही नीट सांगता येत नाही. काम शोधत इथवर आलो तेव्हा मैदानाचं बघणाऱ्या साहेबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं. काकाच मध्ये पडले. "र्‍हाऊ द्या साहेब. मी बगितला ना त्याला, पोरगा यंत्राला शिव्या देत नाय." एवढ्या एका गुणावर मला काम मिळालं आणि शेडमागची खोली मिळाली. त्या वाक्याचं ऋण माझ्या अंगावर अजून उन्हासारखं आहे. ऊबही देतं, चटकाही.

त्यांनी मला शिकवलं ते बोलून कमीच. इंजिन चालू करून ते मान कलती करत, खाडीला भरती लागली का हे अंधारात ऐकावं तशी. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर विडीचा नुसता आकार. विडी डॉक्टरने बंद केली होती, आकार राहिला होता. मग म्हणत, "बरी हाय." मी तसा भित्रा माणूस. टिकेल का, राहील का, काढतील का, या तीन प्रश्नांवरच माझा दिवस उगवतो. काकांचं "बरी हाय" गाडीसाठी असायचं, पण मी ते स्वतःसाठी ठेवून घ्यायचो.

गेल्या साली गुडघ्यांनी त्यांचा निरोप घेतला. दसऱ्यानंतर उरणला लेकीकडे जायचं ठरलं. म्हणून त्या खंडेनवमीला त्यांनी गाडी रंगवली ती दरवर्षीसारखी वरवर नाही; लेक सासरी पाठवताना जशी न्हाऊमाखू घालावी तशी. पत्रे उतरवले, बोल्ट काढले, जे सुटेल ते सोडवून त्याच्या पाठीलाही रंग दिला. मी म्हटलं, "काका, आत कोण बघणार?" ते हसले. "जितं नजर नाय जात ना, तितं गंज जातो." झेंडूची माळ चढली, नारळ फुटला, आणि टेम्पोत बसताना त्यांनी मागे वळून पाहिलं ते माझ्याकडे की गाडीकडे, कळलं नाही.

त्यानंतर आठवडाभरात बॅटरी बसली. सेल्फ मारला की नुसती एक कोरडी टकटक, आणि शांतता. नवी बॅटरी घातली. तीही दोन-तीन कापण्यांत उतरली. दिवाळीनंतर टेनिस क्रिकेटचे सामने ठरलेले, आणि गवत तर माझी भीती खाऊनच वाढत असल्यासारखं वाढत होतं. साहेब शांतपणे म्हणाले, "बघ, मॅचेसच्या आत गाडी ओके पाहिजे. नाहीतर मी बाहेरची टीम लावतो, ही भंगारात जाईल. मग तुला ठेवून मी काय करू, तूच सांग?"

मी काय सांगणार? मी मीटर घेऊन बसलो. इंजिन जोरात असताना बॅटरीवरचा आकडा चढायला हवा, साडेतेराच्या पुढे जायला हवा. तो बारावरून खाली घसरत होता, संध्याकाळच्या सावलीसारखा. फ्यूज धड होता. इंजिनच्या चाकाखालची कॉइल वीज देत होती. ती वीज बॅटरीजोगी करून पुढे धाडणारा रेग्युलेटर तेवढा उरला. नवीन पनवेलच्या दुकानातून नवा आणून बसवला, तरी आकडा तिथेच. मग धीर सुटला आणि मी उरणला फोन लावला.

"आवाज आयकव," काका म्हणाले. मी फोन इंजिनजवळ धरला. "बरी हाय की! बॅटरीचा मना नाय कलत रं. पन येक सांगतो. बिगडायच्या आदी शेवटचा हात कोनाचा लागला, ते इचार. गुन्हा तितंच असतो."

पलीकडे त्यांच्या नातवंडांचा गलका. शेवटचा हात कुणाचा, हे मला ठाऊक होतं. आणि त्या हाताला गुन्हा हा शब्द लावायची माझी जीभ नव्हती.

रेग्युलेटरला परतीची वेगळी तार नसते. त्याचं अंगच गाडीच्या लोखंडाला टेकलेलं असतं, आणि त्या स्पर्शातूनच वीज माघारी फिरते; यालाच आम्ही 'अर्थ' मिळणं म्हणतो. मी एका तारेचं एक टोक त्याच्या अंगाला लावलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. आकडा हलला. बारा, तेरा, साडेतेरा, आणि वर. बोल्ट काढले. खाली तांबडा, गुळगुळीत, दोन हातांचा जाड रंग, विजेला वाट न देणारा. बोल्टांच्या भोकांच्या कडांपर्यंत प्रेमाने पोहोचवलेला. मी सँडपेपर हातात घेऊन किती वेळ तसाच बसलो. मग ती जागा घासली, लोखंड पांढरं पडेपर्यंत. तांबडी भुकटी माझ्या पंजावर कुंकवासारखी साचली.

संध्याकाळी त्यांचाच फोन. "काय झाला?"

"अर्थ मिळत नव्हता, काका. मिळाला आता."

त्यांनी हळूच विचारलं, "रंगाखाली ना?"

मी नखात अडकलेला तांबडा रंग काढत राहिलो. पलीकडून एक लांब हसू आलं, खोकल्यात संपलं. "म्हंजे चोर मीच! बरा केलास खरवडलास ते." मग म्हणाले, "पन दिसतेय ना रं चांगली?"

"नवरीवानी, काका."

"मंग झाला."

सामने झाले. मी राहिलो. यंदाच्या नवमीला गाडी मी रंगवली, त्यांच्यासारखंच एक बोट उंच धरून. रेग्युलेटरखालची तेवढी जागा मात्र उघडी सोडली. त्यांना बोलावलं होतं, गुडघ्यांनी येऊ दिलं नाही. आजही सकाळी किल्ली फिरवली की मी आधी मीटरवरचा आकडा बघतो, तो चढला की मगच गाडी बाहेर काढतो. पूर्वेच्या कडेला पोहोचलो की मीही, का कोण जाणे, गाडी हळू करतो. पावसाळ्यात त्या उघड्या लोखंडावर थोडा गंज धरतो, मी थोडा घासून काढतो; आणि वाटतं, लांब गेलेलं माणूस आपल्याला टेकलेलं राहतं, ते बहुधा अशाच एखाद्या न रंगवलेल्या जागेतून.