बेचाळिसावं मत

चिटणीस म्हणून तिला ओळखणारी माणसं चहूकडे पसरलेली होती आणि त्यांतल्या बहुतेकांनी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं त्यांच्या लेखी ती कवळ्या करणारी बाई. चष्म्याच्या दुकानाच्या वर एका लांबट खोलीत ती दिवसभर लोकांचे दात बसवायची, घासायची, चकचकीत करायची. तिचं चिटणीसपण सुरू व्हायचं ते जेवणाच्या सुट्टीत, हातांवरचं प्लास्टर धुऊन फोन उचलला की.

चिटणीस कशाची? ज्यांना दिसत नाही त्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता, त्याची. तो कुठल्या कंपनीचा नव्हता. पन्नासेक हौशी सभासदांनी मिळून तो केला होता; कोणीही फुकट घ्यावा, वापरावा, हवा तसा बदलावा. मालकच नाही म्हटल्यावर निर्णय सगळ्यांनी मतं टाकून घ्यायचे. पगार कोणालाच नसल्यामुळे भांडायला मात्र सगळ्यांना सवड होती. एक बटण डावीकडे असावं की उजवीकडे, यावरून ही शहाणीसुरती मंडळी अकरा दिवस एकमेकांच्या उरावर बसली होती. ती मतं मोजायची, निकाल लावायचा आणि सभासदांची यादी चोख ठेवायची, हे चिटणिसाचं काम. मोजणाऱ्याने स्वतः मत टाकायचं नाही, असा नियम होता.

तिला यात ओढलं दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सभासद एकमेकांत टोपणनावाने वावरत आणि त्याने स्वतःला ‘सुतार’ म्हणवून घेतलं होतं. प्रोग्रामचा पहिला आवाजही त्याचाच. अकरा वर्षांपूर्वी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या जागेत गाद्या उभ्या करून त्याने चार हजार वाक्यं रेकॉर्ड केली होती, आणि समोर स्टुलावर बसून एकेक वाक्य त्याला वाचायला देणारी ती. प्रोग्रामने त्या वाक्यांचे बारीक तुकडे करून घेतले आणि ते जोडून हवं ते बोलायला तो शिकला. आता त्याला सगळे ‘जुना आवाज’ म्हणत.

दादा आठ महिन्यांपूर्वी गेला. सकाळी कामावर निघताना दारातच कोसळला, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

ही बातमी तिने सभासदांना पहिल्याच आठवड्यात द्यायला हवी होती. पण चार ओळी लिहायला बसली की हात आखडायचा. तसा सुतार वर्षातून दोनदा बोलणारा माणूस, त्यामुळे कोणी चौकशीही केली नाही. शिवाय एक नियम होता. जो सभासद लागोपाठ तीन मतदानांत मत टाकत नाही त्याचं नाव यादीतून आपोआप निघतं. तिने मनाशी म्हटलं, नियमच काढील नाव, आपण कशाला? ही शुद्ध चालढकल होती आणि ते तिला कळत होतं. पहिलं मतदान झालं, दुसरं झालं. दोन्ही वेळा दादाच्या नावापुढची रिकामी जागा पाहून तिला भडभडून आलं आणि हायसंही वाटलं.

तिसरं मतदान आलं ते नेमकं जुन्या आवाजाचंच. नवा आवाज तयार झाला होता, दोन-दोन सांभाळायला माणसं पुरत नव्हती, तेव्हा पुढच्या आवृत्तीतून जुना काढावा, असा ठराव. एखादी गोष्ट काढायची तर दोन तृतीयांश मतं लागत. तेवढी पडू नयेत म्हणून ती आठवडाभर जीव मुठीत धरून होती. तिच्या भावाचं जगात उरलेलं एवढंच तर होतं.

बुधवारी दुपारी मतदान संपलं. डबा बाजूला ठेवून ती मोजायला बसली. एकेचाळीस मतं झाली. बेचाळिसावं उघडलं तर नाव सुतार, मत ‘काढावा’.

प्रत्येक मताबरोबर सभासदाची डिजिटल सही यायची. ती त्याच्याच कॉम्प्युटरवर, पासवर्डच्या कुलपात असायची. दुसऱ्या कोणाला करता यायची नाही. तिने सही तपासून पाहिली. खरी निघाली. परत तपासली, परत खरी. समोर टेबलावर तोंडं उघडून ठेवलेले साचे रांगेने बसले होते आणि त्यांच्याकडे पाहायचं धाडस तिला होईना. खोटं कशाला सांगा, क्षणभर तिला वाटलं, दादाच आहे. आणि पहिला आला तो राग. आठ महिन्यांनी आलास, आणि आलास तो हे सांगायला?

मग तिने बेरीज केली. बेचाळीस मतांत ‘काढावा’ म्हणणारी अठ्ठावीस. बरोबर दोन तृतीयांश, ना एक कमी, ना एक जास्त. दादाचं मत बाद केलं तर उरली एकेचाळीस, त्यांत बाजूची सत्तावीस. ठराव पडला असता. निकाल उद्या दुपारी चारच्या आत लावायचा होता.

दादाचा कॉम्प्युटर वहिनीकडे होता. वहिनीने तो कधी आपणहून उघडल्याचं तिला आठवत नव्हतं. पण घरात दुसरं होतं कोण?

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वहिनी काम करायची त्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेली. काचेचं दार ढकललं आणि दादा म्हणाला, “क्रमांक सत्तेचाळीस, खिडकी दोन.”

ती दारातच उभी राहिली. तसं तिला माहीत होतं. फुकट मिळतो म्हणून हॉस्पिटलने तीन वर्षांपूर्वी हाच आवाज नंबर पुकारायला घेतला होता. दादा तेव्हा वहिनीला म्हणाला होता, “घरी माझं ऐकत नाहीस, आता ऑफिसात ऐक.” सगळे पोट धरून हसले होते. पण तो गेल्यापासून ती इथे आलीच नव्हती.

खिडकी दोनमागे वहिनी बसली होती. एक कागद तपासायचा, शिक्का मारायचा, परत द्यायचा आणि बटण दाबायचं. बटण दाबलं की दादा बोलायचा. नणंदेला पाहून तिने शेजारचं स्टूल पुढे ओढलं, जणू वाटच पाहत होती.

“वहिनी, दादाच्या नावाने मत…”

“मीच टाकलं.” वहिनीने शिक्का मारला. “पासवर्ड कपाटाच्या आत चिकटवून ठेवला होता. लिफ्टची कुलपं उघडत फिरायचे, पण स्वतःचं एक कुलूप कधी धड ठेवलं नाही.”

“अगं, पण तुला कसं कळलं मतदान आहे ते?”

वहिनीने मानेने पलीकडे दाखवलं. खिडकी तीनच्या बाजूला टेलिफोन ऑपरेटर बसायचा. त्याला दिसत नव्हतं. कानावर फोनचा हेडसेट आणि टेबलावर एक छोटा स्पीकर.

“तुमच्यातलाच आहे. घंटी म्हणतात ना कोणाला तरी? तोच. फोन नसले की तुमची भांडणं ऐकत बसतो. परवा तुमचा तो ठराव वाचला गेला. यांच्याच आवाजात. जुना आवाज काढून टाकावा, असं हेच म्हणत होते गं.” तिने बटण दाबलं.

“क्रमांक अठ्ठेचाळीस, खिडकी दोन.”

“त्याला माहीत आहे? आवाज दादाचा आहे ते?”

“माझा नवरा गेला, एवढं माहीत आहे. दोन शब्द चांगले बोललाही बिचारा. हे सांगितलं असतं तर त्याने लाजेने आवाज बंद केला असता, आणि नवा आवाज त्याला झेपत नाही. तोंडात घास धरून बोलतो म्हणे. मतदानाने गेला असता म्हणजे नवी आवृत्ती आली की इथलाही आपोआप बदलला असता, कोणावर बोट नको.”

ती ज्या तावातावाने आली होती तो ताव उतरला होता, पण म्हणायचं होतं ते ती म्हणालीच. “तुला तो राहावासा वाटत नाही? निदान आवाज तरी आहे आपल्याकडे.”

वहिनीने समोरच्या म्हाताऱ्याचे कागद परत केले, चष्मा विसरू नका म्हणून सांगितलं आणि मग तिच्याकडे वळली.

“तू कधीतरी ऐकतेस. मी आठ ते चार ऐकते. आधी बरं वाटायचं, खरंच. हळूच बटण दोनदा दाबायची मी. पण आता घरी गेल्यावर मला यांचा खरा आवाज आठवत नाही. झोपेतून उठल्यावरचा. माझ्यावर खेकसल्यावरचा. आठवायला जाते आणि हाच येतो, खिडकी दोनवाला. हा त्याच्यावर चढून बसलाय. थोडे दिवस गप्प झाला तर खालचा परत मिळेल, एवढीच आशा होती बघ.”

चिटणिसानेही आठवून पाहिलं. लहानपणी दादा गच्चीवरून तिला हाक मारायचा. लांबवून, चिडून, शेवटी हसत. हाक तिला आठवत होती, गच्ची आठवत होती, पण त्या गच्चीवरून येणारा आवाज सपाट होता, प्रत्येक शब्द सारख्या अंतरावर ठेवलेला. तो हाक मारत नव्हता, नंबर पुकारत होता. चार हजार वाक्यं आपणच त्याच्याकडून वदवून घेतली होती.

“मोज ना गं,” वहिनी हलकेच म्हणाली. “एकच मत आहे. कोणाला कळणार आहे?”

कोणालाच कळणार नव्हतं. सही खरी होती. यादीत सुतार जिवंत होता, आणि त्याला तिथे जिवंत ठेवणारी तीच होती. फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात तर ती आठ महिन्यांत चांगली तरबेज झाली होती. तिलाही आता तो आवाज जायला हवा होता. कालपर्यंत जे वाचवायला ती धडपडत होती ते आता तिला ऐकवत नव्हतं. घड्याळात साडेतीन वाजले होते.

पण एकमेकांना कधी न पाहिलेली एकेचाळीस माणसं कडाकडा भांडून शेवटी तिने सांगितलेला आकडा गुमान मान्य करायची. ती म्हणाली अठ्ठावीस, की अठ्ठावीस. आज एका मेलेल्या माणसाचं मत चालवलं, तर उद्या तिच्या कुठल्या आकड्यावर कोणी का विश्वास ठेवावा? निदान तिला स्वतःला तरी ठेवता आला नसता.

“वहिनी, मला नाही मोजता येणार.”

“माहीत होतं,” वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि हात शिक्का शोधत होता. “त्यांचीच बहीण.”

स्टुलावर बसूनच तिने लिहिलं. आठ महिने न सुचलेल्या ओळी दहा मिनिटांत उतरल्या. पाठवून तिने फोन पालथा ठेवला.

पलीकडे ऑपरेटरच्या टेबलावर टिंग झालं. त्याने बटण चाचपलं आणि दादा बोलू लागला.

“चिटणिसांकडून. सभासद सुतार आठ महिन्यांपूर्वी वारले.”

‘वारले’ हा शब्द तिने दादाकडून कधीच म्हणवून घेतला नव्हता. प्रोग्रामने तो कुठून कुठून तुकडे आणून जोडला होता आणि तरी तो अगदी दादासारखा आला.

“मी त्यांची बहीण. ही गोष्ट मी तुमच्यापासून लपवली, याची क्षमा मागते. त्यांच्या नावाने आलेले मत त्यांचे नाही. ते बाद केले आहे. बाजूने सत्तावीस, विरोधात चौदा. ठराव नामंजूर. जुना आवाज राहील. तो त्यांचाच होता.”

ऑपरेटर ताठ बसला. हेडसेट त्याने कानावरून खाली ओढला. फोन वाजत होता, पण त्याने उचलला नाही. रांगेतल्या लोकांना यातलं काहीच कळलं नव्हतं. एक बाई खिडकीवर बोटं वाजवत होती. वहिनी बटणावर हात ठेवून ऐकत राहिली होती.

पुन्हा टिंग झालं. काल ‘काढावा’ म्हणून मत टाकलेल्या कोणाचं तरी उत्तर होतं. दादाने तेही वाचलं, तितक्याच शांतपणे.

“फार वाईट वाटले. माहीत असते तर मी विरोधात मत दिले असते. सुतारांची आठवण म्हणून हा आवाज यापुढे कधीही काढू नये, असा नवा ठराव मांडतो. अनुमोदन द्यावे.”

टिंग. “अनुमोदन.” टिंग. “अनुमोदन.” टिंग.

“याला किती लागतात?” वहिनीने विचारलं.

“काय?”

“मतं.”

“निम्म्याहून एक जास्त.”

“मिळतील,” वहिनी म्हणाली, आणि तिने पुढचा नंबर बोलावला.