सरासरी एकतीस किडलेले दात

तेलीबागच्या एका शाळेतल्या सात वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या तोंडात सरासरी एकतीस किडलेले दात आहेत, हे रुचाच्या प्रबंधाने सिद्ध केलं. आता हा आकडा आला कुठून, ते बघू.

रुचा लखनौला सार्वजनिक दंतआरोग्यात एमडीएस करत होती. प्रबंध शुक्रवारी द्यायचा, नाहीतर परीक्षा सहा महिने पुढे. तिचे गाइड हरिहर सर आकडा बघून खुर्चीतून उठलेच.

"एकतीस! ऐतिहासिक है!"

"सर, सात साल के बच्चे के मुँह में इतने दाँत ही नहीं होते."

"तभी तो ऐतिहासिक है!"

रुचाने कॉलेजच्या संख्याशास्त्रज्ञ मालिनीताईंकडे धाव घेतली. ताई मूळच्या साताऱ्याच्या. त्यांनी स्क्रीनवर नजर टाकली.

"गैरहजर पोरांपुढे काय भरलंस गं?"

"नव्याण्णव. मतलब, माहिती नाही."

"कंप्यूटरला सांगितलंस का तसं? तो बिचारा भोळा. साठ पोरांच्या तोंडात नव्याण्णव-नव्याण्णव किडके दात धरून बसलाय!"

साठ जणांना वगळलं, तशी सरासरी सुतासारखी सरळ होऊन दोनवर आली. रुचाचा जीव भांड्यात पडला.

"ताई, शुक्रवार वाचला!"

"थांब. दोनशेतली साठ गैरहजर का?"

"बच्चे हैं यार... सॉरी, ताई. कुणाकडे शादी-वादी असेल."

"फोन लाव."

शाळेच्या मुख्याध्यापिका चेतनाजी फोनवर भलत्याच खुशीत होत्या. "हमने पहले ही बता दिया था न, दाँतवाली मैडम आएँगी. जिनके दाँत सड़े थे, वो डर के मारे आए ही नहीं! आपको सब बढ़िया-बढ़िया बच्चे दिखाए."

ताईंनी फोन ठेवला. "घ्या! चोर पळाल्यावर चोरांची हजेरी घेतलीस तू. तुझे दोन काय नि सरांचे एकतीस काय, एकाच माळेचे मणी. त्या साठ जणांना तपासल्याशिवाय काही खरं नाही."

"आणि शुक्रवार?"

"शुक्रवार काय, दर आठवड्याला येतो."

रुचा जरा रडली, मग समोसा खाल्ला, मग तिला हसूच फुटलं. मग चेतनाजींना पत्र: ताईंनी मराठीत सांगितलं, तिने हिंदीत टाइप केलं:

'महोदया, सविनय विनंती की, फेरतपासणीच्या दिवशी संबंधित साठ विद्यार्थ्यांनी दंतवैद्याबद्दलची आपली भीती शाळा सुटेपर्यंत स्थगित ठेवावी, सर्व किडलेल्या दातांसह सकाळी साडेआठला स्वखुशीने रांगेत उभे राहावे, आणि तोंड सांगण्याआधीच उघडावे, असे आदेश आपल्या स्तरावरून तत्काळ निर्गमित व्हावेत.'