लिंबाला वळसा

“ताई, जरा सरका की. काळवीट झाकतंय,” मोबाईल धरलेला तरुण म्हणाला, आणि सुकन्या आपल्याच चित्रापुढून बाजूला झाली.

होटगीच्या पुढे, हमरस्त्याच्या डोक्यावरून काळविटांसाठी पूल बांधला होता. वर माती, गवत, बोरीची झुडपं. ही वाट कुणाची आहे हे गाडीवाल्यांना कळावं, म्हणून सुकन्याने त्याच्या भिंतीवर उडी घेतलेलं काळवीट रंगवलं. कळलं कुणालाच नाही. आवडलं मात्र सगळ्यांना. गाड्या थांबू लागल्या. लोक भिंतीलगतच्या पायऱ्या चढून थेट पुलावर फोटो काढू लागले. ‘वर जाऊ नये’ या पाटीला खेटून मानसिंगची भेळेची गाडी उभी राहिली. ज्यांचा पूल, ती जनावरं मात्र फिरकेनाशी झाली. गेल्या आठवड्यात एक मादी खाली रस्त्यावर उतरली आणि ट्रकखाली गेली.

तेव्हापासून सुकन्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जेवताना घास हातातच राहायचा. एकदा पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन ती भिंतीपाशी गेली, काळविटाच्या डोळ्यापर्यंत ब्रश नेला आणि तशीच परत आली.

“पुसाया जीव हुईना, व्हय?” तिची आई मायाक्का म्हणाली. मेंढरांमागे जन्म गेलेली बाई. बाजारातून दोघी घरी निघाल्या होत्या. बोलता बोलता तिने सुकन्याचा दंड धरून मागे ओढलं. तिठ्यावर कुंकू लावलेलं अर्धं लिंबू पडलं होतं.

“पाय देऊ नगंस. वळसा घाल.”

“आई, खरं वाटतं तुला हे?”

“खरं-खोटं कुणी बगितलंय? वळसा घालाया काय पैसं पडत्यात?”

मायाक्का पुढे गेली तरी सुकन्या लिंबाकडे बघत उभीच होती.

दुसऱ्या दिवशी वर्दळ वाढायच्या आत ती रंग-ब्रश घेऊन पायरीपुढच्या सिमेंटवर बसली. चिरलेलं लिंबू, कुंकू, टाचण्या टोचलेली काळी बाहुली. लिंबाच्या कापावरचा ओलावासुद्धा तिने सोडला नाही. खाली आपलं नाव तेवढं घातलं नाही.

लोक उतरायचे, पायरीशी यायचे, खाली बघायचे आणि मुकाट्याने गाडीत बसायचे. मानसिंगने भेळेची गाडी फाट्यावर हलवली.

“ताई, तुमच्या चित्रावर कुणीतरी करणी केलीया बगा,” तो कळवळून म्हणाला. “एवढं झ्याक चित्र, आन आता कुत्रं बी थांबंना. लई वाईट वाटतं.”

“व्हय,” सुकन्या म्हणाली. हेच तर तिला हवं होतं. तरी भिंतीपुढची ओकीबोकी जागा ती वळून वळून बघत राहिली.

काही दिवसांनी ती मायाक्काला पुलावर घेऊन गेली. मायाक्काने पदर सावरला, लिंबाला वळसा घातला आणि पायऱ्या चढली. वरच्या ओल्या मातीत या कडेपासून त्या कडेपर्यंत खुरं उमटली होती. मधूनच बारकी, पिल्लाची. सुकन्या तिथेच बसली आणि पोटभर रडली. मायाक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

उतरताना सुकन्या पुढे होती.

“रंग वाळला न्हाय व्हय अजून?” मायाक्काने मागून विचारलं.

सुकन्या थबकली. ओढणी आवरून घेत ती नुकतीच लिंबाला वळसा घालून आली होती.

“वाळलाय की,” ती म्हणाली.