सरूला दुसऱ्यांदा दिलेली भूल

माही जीभ लई चालते, सगळं करमाड गाव सांगंल. नवऱ्याला बोलते, सरपंचाला बोलते, यष्टीच्या कंडक्टरला तर रडकुंडीला आणते. पण जिथं बोलायचं तिथंच माहं तोंड खोटं बोललं, अन् ते सांगायला आता मला लाज बी वाटत नाय, एवढी मी मेलेली हाय.

सरू माही एकुलती एक. लगीन होऊन चार वर्सं झाली, त्यात दोनदा पोट पडलं. तिची सासू वच्छलाबाई आमच्या दारात उभं राहून म्हणली, "विहीणबाई, आता तिसऱ्यांदा असं झालं, तर माह्या बद्रीनाथला दुसरी बायको करणार." अन् त्याच उन्हाळ्यात सरू माहेरी आलेली असताना तिसऱ्यांदा पडलं! मी तिला गुपचूप जालन्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं तोंडावर रबरी टोपी लावून औषध हुंगवलं, पिशवी साफ केली. गोड वास आला, म्हणली पोरगी. सांजच्याला घरी आलो. कुणाला काय बी बोलायचं नाय, म्हणून मी तिला माही शपथ घातली.

मंग सासरी गेली अन् जालन्याच्या त्या दिवसापासनं बाविसाव्या दिवशी अपेंडिस फुगलं. बद्रीनाथनं तिला औरंगाबादला दवाखान्यात टाकलं. निरोप मिळताच मी बी पोचले. तिथं भुलीचे डॉक्टर शफीक म्हणून व्हते, तरणे अन् लई शांत. सरू कळवळत पडलेली, पण तिला कोण इचारतंय? आमच्यात सुनेच्या दुखण्याचं थोरल्या बायाच सांगतात. डॉक्टरांनी बी आम्हा दोघी विहिणींनाच इचारलं, "हिला आधी कधी भूल दिली होती का? ह्या दोन-तीन महिन्यांत?"

वच्छलाबाई माह्याकडं बघत व्हती. मी ठसक्यात म्हणलं, "नाय हो! माह्या लेकीला साधी सुई बी टोचली नाय कधी." सरूनं माह्याकडं पाहिलं अन् डोळे मिटले. माही शपथ व्हती ना.

आपरेशन झ्याक झालं. सहाव्या दिवशी ताप भरला. नवव्या दिवशी डोळे हळदीवाणी पिवळे. वच्छलाबाईनं फर्दापूरकडून काविळीची माळ आणवली; कावीळ उतरत गेली की ती लांबते म्हणतात. माळ सरूच्या बेंबीपर्यंत लांबली, पण डोळे काय निवळंनात. मंग ती बरळाया लागली.

शफीक डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेर बोलावलं. "अम्मा, खरं सांगा. आधी भूल दिली होती?"

मी म्हणलं, "त्याचं अन् काविळीचं काय?"

"मी हॅलोथेन हुंगवलं, भुलीचं औषध. ते श्वासातनं जातं अन् बहुतेक श्वासातनंच परत येतं. थोडं मागं राहतं, ते यकृतात फुटतं. पहिल्या वेळी शरीर त्याला नुसतं ओळखून ठेवतं. थोड्याच दिवसांत परत हुंगवलं, तर हजारोंत एखाद्याचं शरीर आपल्याच यकृतावर उठतं. आधी कळलं असतं, तर मी कमरेत सुई देऊन काम भागवलं असतं."

"दिली व्हती," मी वरडले, "जालन्याला! बावीस दिवस आधी! तिसऱ्यांदा पडलं व्हतं! घ्या, ऐका विहीणबाई, करा दुसरी! पण डॉक्टर, आता ह्याच्यावर उतारा द्या ना!"

"उतारा नाही, अम्मा," ते खाली बघत म्हणले अन् आत गेले.

वच्छलाबाई भिंतीला टेकून खाली बसली. म्हणली, "मला ठावं व्हतं."

"काय?"

"माही भाची जालन्याच्या त्याच दवाखान्यात आया हाय."

"मंग डॉक्टरनं पहिल्यांदा इचारलं, तवा का नाय बोललीस, सटवे?"

"म्हणलं, बघू, ही आपल्या तोंडानं कबूल करते का." अन् ती पदर तोंडात कोंबून रडाया लागली.

तिच्या झिंज्या धराव्या म्हणून मी उठले. पण कोणत्या तोंडानं धरू? तशीच तिच्या बाजूला बसले.

सरूला आई कोण अन् सासू कोण, हे उमगत नव्हतं. दोघींचे हात झिडकारायची. डॉक्टर दिवसातनं दहादा येत, काय खाल्लं, लघवी झाली का, कुणाला ओळखलं का, असं इचारत. आम्ही दोघी एकमेकीच्या आधी खरं सांगायला धडपडत व्हतो. त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी सरू गेली.