मास्तरांचा ब्रेक

चौकाच्या तोंडाशीच गाडीने गचका खाल्ला आणि ती बंद पडली.

"पुन्हा?" बाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "मास्तर, आता काय चुकलं माझं?"

"क्लच लवकर सोडलात."

हे खोटे होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो मास्तरांनीच दाबला होता.

एके काळी त्या ब्रेकला गंज चढेल, अशी थट्टा व्हायची. नवशिक्यावर भरवसा टाकला की त्याचा पाय आपोआप शिकतो, असे म्हणून मास्तर निवांत बसत. याच चौकात अपघाताच्या दिवशीही ते तसेच बसले होते. शिकाऊ गृहस्थ गडबडले, थांबायचे तिथे थांबले नाहीत, आणि डावीकडून टेम्पो आला. गृहस्थांना खरचटलेही नाही. मास्तरांच्या मांडीचे हाड मोडले, आत सळई बसवावी लागली.

हाड जुळले. थंडीत ठणके, जिन्यावर कळ येई. त्याची त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण तो पाय आता त्यांचे ऐकत नसे. समोर काही हलले, की जाऊन ब्रेकवर बसे. गाडीवर चांगला हात बसलेली माणसेही "आमच्याच्यानं होणार नाही" म्हणून निघून गेली होती. आणखी कोणी गेले तर मास्तरांनी कचेरीतली खुर्ची धरायची, असे स्कूलच्या मालकाने बजावले होते.

"मास्तर, शाळा चालवलीय मी." बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, यजमानांची नजर अधू झाल्यावर घरची गाडी धूळ खात पडली, म्हणून या वयात शिकायला आल्या होत्या. "ढ पोर मला लांबून कळतं. मी ढ असेन तर तसं सांगा. किल्ली ठेवते नि घरी जाते."

मागे हॉर्नचा कल्लोळ माजला होता. मास्तरांनी दोन्ही हातांनी मांडी आवळून धरली.

"तुमची चूक नाही. ब्रेक मी दाबला. पहिल्या दिवसापासून मीच दाबतोय."

बाईंनी त्यांच्या आवळलेल्या मांडीकडे पाहिले. "पाय फार दुखतो का हो?"

"दुखण्याचं काही नाही."

कचेरीत शिरताच मास्तर मालकाला म्हणाले, "बाईंना गाडी येते. माझ्या जागी तुम्ही बसा."

"अहो मास्तर, एवढं काय त्यात..." मालक चाचरला.

"मास्तर मागं बसतील," बाईंनी फर्मावले. "शिकवलं त्यांनी. चौक ओलांडताना ते गाडीत हवेत."

चौक आला. बाई थांबल्या, दोन्हीकडे पाहिले, निघाल्या. डावीकडे टेम्पो उभा होता. मास्तरांचा पाय खालच्या रबरी चटईत करकचून रुतला. मांडीतून कळ थेट कमरेत गेली.

गाडी थांबली नाही.

"मास्तर," पलीकडे पोहोचल्यावर बाईंनी विचारले, "क्लच बरोबर होता ना?"

"अगदी बरोबर."

पाय अजून चटईवर दाबलेलाच होता.